बोनेटखालचं दव

खलफान म्हणाला, पहिल्या फेरीत गाडी चढते,
दुसरीत कुरकुरते,
तिसरीत टेकाडाच्या खांद्यावरच बसकण मारते.
मी बोनेट उघडलं.
सुपरचार्जरच्या अंगावर हात ठेववेना.
हवा काय, माणूस काय,
कोंबलं की तापतंच.
इंटरकूलरमधलं पाणी तिला निववायला धावतं,
पण ऑगस्टात, शारजात, दहा नंबरच्या इंडस्ट्रियल एरियात
पाण्याला कोण निववणार?

"एसी," खलफान म्हणाला. "मला नको. तिला दे."

एसीचं मला कळतं.
हर्णैच्या बर्फ कारखान्यात सहा वर्षं
कॉम्प्रेसरच्या उशाला झोपलोय.
सुर्वेमामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
मंग्या, थंडी कुणी बनवत नाही.
इथला उष्मा उचलायचा,
दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायचा.
आणि टाकीतलं मिठाचं पाणी दाखवलं होतं,
स्वतः गोठत नाही,
शेजारच्या डब्याला गोठवतं.

तर गॅसच्या नळीला फाटा फोडला.
एक वाट केबिनकडे, एक चिलरकडे,
मध्ये झडप, झडपेचं बटण खलफानच्या अंगठ्याखाली.
डिकीत बारा लिटरची टाकी, गुलझमानने वेल्ड केलेली,
शिवण इतकी सरळ
की त्याने बायकोला फोटो पाठवला.
रोमेलने वायर ओढली:
पाय पुरता दाबला की कॉम्प्रेसर सुटला पाहिजे.
चढताना थंडी करत बसायचं नसतं,
ती आधीच साठवलेली असावी लागते.
(हे मला कुणीतरी पस्तिशीच्या आत सांगायला हवं होतं.)

पहिला दिवस फुकट. ओ-रिंग चिमटली,
चारशे दिरहॅमचा गॅस आभाळात.
खलफान काही बोलला नाही, चहा मागवला.
ते जास्त लागलं.
दुसऱ्या दिवशी पंप उलटा जोडलेला निघाला. मीच जोडला होता.
तिसऱ्या दिवशी सावलीत सत्तेचाळीस
आणि टाकीतलं पाणी सहावर.
काळ्या रबरी नळीवर थेंब धरले,
भाताच्या पातीवर धरतात तसे बारीक.
गुलझमानने त्यावरून बोट फिरवलं
आणि बोटाकडेच बघत राहिला.

शुक्रवारी, सूर्य बुडाल्यावर, बदायरला गेलो.
खलफानचे वडील, थोरले उबैद, पुढच्या सीटवर येऊन बसले, ऐकेनात.
मी मागे, मांडीवर लॅपटॉप.
अंगठा दाबला गेला.
जाळीतून आधी कोमट आलं, मग भट्टी.
म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं, खलफानने उत्तर दिलं,
मग दोघं हसले, मग मला हिंदीत कळलं:
बिघडला का?
नाही बाबा, इंजिनाला दिला.
आमच्या वेळी गारवा पखालीत असायचा,
वाऱ्यावर टांगलेल्या.
आधी पाहुण्याला, मग जनावराला,
उरलं तर आपल्याला.
म्हणजे रीत मोडली नाहीस.
काच खाली करून त्यांनी हात बाहेर टाकला.

एकदा चढलो. दुसऱ्यांदा चढलो.
तिसऱ्यांदा सदरा पाठीला चिकटलेला, दातांत वाळू,
स्क्रीनवर आत जाणारी हवा अडतीस,
बाहेरच्या हवेपेक्षा तीनने कमी.
तिघं घामाघूम,
आणि पुढे लोखंड गारेगार श्वास घेत होतं.
माथा आला.
पलीकडे उतरण, अंधार, लांब हायवेचे दिवे.
कुणी ओरडलं नाही.
म्हाताऱ्याने पाणी मागितलं.

रात्री दीडला गॅरेजात. शटर अर्धं ओढलेलं.
डिकी उघडली: टाकी अजून अकरावर.
आता कुणाच्या कामाची नव्हती ती थंडी,
सकाळपर्यंत तीही शारजा होणार.
गुलझमानच्या सरळ शिवणीवर कपाळ टेकलं.
मासळीचा वास नव्हता, ॲल्युमिनियमचा होता.
थोडा वेळ तसाच राहिलो.

मग आठवलं,
तीन दिवस आमच्या कंडेन्सरचा पंखा
टायरवाल्या करीमुल्लाच्या दाराकडे तोंड करून फिरत होता.
उद्या त्याला विचारायला हवं.