विळा न लावता

शुक्रवारी रात्री आठला प्रश्न पाठवला आणि घोळ झाला.
हनोखमामा वाकरूळकरांचा फोन आता उद्या रात्रीपर्यंत मुका.
बीरशेब्यात त्यांनी दिवे लावले असणार.
आणि मला रविवारी नऊला
सांबऱ्याच्या चर्चमध्ये उभं राहून बोलायचंय.

प्रश्न साधा होता.
शब्बाथ दिवशी शेतातून जाताना शिष्यांना भूक लागली,
त्यांनी कणसं मोडली, तळव्यावर चोळली, खाल्ली.
शास्त्री चिडले.
चाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या मी,
तेव्हापासून त्या गोष्टीत मला चोरीच दिसते.
दुसऱ्याचं शेत, न विचारता.
मग येशू त्यांची बाजू का घेतो?

आमची एक वही आहे, दोन घरांत मिळून एक.
डावीकडे मी शुभवर्तमानातली ओळ लिहिते,
उजवीकडे मामा तिचं मूळ खणून देतात,
हिब्रूतून, पण त्यांच्या अष्टमीच्या मराठीत,
जी आईचा हात धरून बोटीत चढली
आणि उतरल्यावर पुढे सरकलीच नाही.
माझं "काय करालास" ऐकून हसतात.
ही कुठली गो तुझी मराठी?
सरहद्दीवरची, मी म्हणते.
आमची पण तशीच, ते म्हणतात.

शनिवारी वही मिटून शिवारात गेले.
काळ्या रानात शाळू हुरड्याला आलेला.
आमचा बांध संपतो तिथं कल्लव्वाचं रान.
दोन्हींचे उतारे कन्नडात;
माझा मी अडखळत वाचते, तिला तिचा येतच नाही.
ती दिसेना. विचार करता करता
तिचंच एक कणीस मोडलं, चोळलं, तोंडात टाकलं.
मग कळलं, काय केलं ते.

"तगो अक्का. इन्नोंद तगो."
घे, अजून एक घे.
पाटाच्या पलीकडे उभी होती,
कमरेला विळा.
मी हात पुढे केला. विळा मागितला नाही.

तीन तारे दिसले की त्यांचा शब्बाथ सुटतो.
माझे तीन पावणेसातला आले,
तिसरा विमानतळाच्या दिव्यावर, विमान समजून दोनदा पाहिला.
त्यांच्याकडे तेव्हा लख्ख ऊन.
भाकऱ्या थापल्या. भांडी घासली. वाट बघितली.

नऊला वाजला.
"चोरी कसली, बाय?
शेजाऱ्याच्या उभ्या पिकात शिरलीस
तर हातानं मोड, पोटभर खा.
विळा लावायचा नाही, एवढंच. मोशेनं सांगून ठेवलंय.
शास्त्री शेतावरून भांडत नव्हते गो, दिवसावरून.
त्यावर आमचे जुने गुरूही भांडलेत.
एक म्हणाला, दिवस तुमच्या हवाली केलाय,
तुम्ही दिवसाच्या हवाली नाही."

मी गप्प.
डावीकडची माझी ओळ जवळजवळ हीच होती.
कुणी कुणाकडून घेतली, विचारणार होते,
तर मामा आज्याच्या घाण्यावर गेले होते.
शनवारी बैल सुटे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे.
एकदा शनवारीच एक पोर दारात रडत आलं,
आई बाळंत, दिव्यात तेल नाही.
आज्यानं तेलाला हात लावला नाही.
म्हणाला, बुधला तिथं आहे, तूच ओतून घे.
"बरोबर की चूक, आमच्या घरात अजून ठरलं नाही."

मग जरा थांबून:
"ही आज्ञा मी कितींदा वाचली असेल, बाय.
पण आमच्याकडे भात, आणि इथं वाळवंट.
कणीस चोळताना आवाज कसा होतो?"

कल्लव्वाची दोन कणसं कोनाड्यात होती.
फोन पोळपाटावर ठेवला.
एक तळव्यात धरून चोळलं,
फुंकर मारली, फोल उडालं, दाणे उरले.

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग म्हणाले, परत कर.