मोजा, मी थांबते

रामोशी गेटजवळ पत्रे ठोकले त्या सकाळी
दुकानाच्या फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या एकोणीस कुप्या होत्या
आणि वहीत एकतीस नावं.

वही उधारीची, सतरा वर्षांची.
तिच्यातल्या पैशांच्या रकान्यावर मी काट मारली
आणि वर लिहिलं : किती दिवसांच्या उरल्यात?
मग एकेक फोन.
डबा आणा. उघडा. मोजा, मी थांबते.

लाइनवर थांबून थांबून मला घरं कळू लागली :
कुकर, टीव्हीवरचे आकडे,
पलीकडच्या खोलीतला कुणाचा तरी खोकला,
ज्याच्याबद्दल मी काही विचारायची नाही,
फक्त पानाच्या कोपऱ्यात एक टिंब द्यायची.

लडकतांचे तात्या म्हणाले, आठ आहेत.
जरा वेळानं म्हणाले, नाही, चार.
अर्ध्या-अर्ध्या करून ठेवल्यात.
प्रेशरची ती गोळी अर्धी करायची नसते, तात्या.
"ठाऊक आहे गं. पण अर्ध्या केल्या की जास्त दिसतात."

त्याआधी, मार्चअखेर,
टीव्हीवर एका गोळीचं नाव आलं
आणि दुपारपर्यंत धडधाकट माणसं रांगेत.
एकाला दहा स्ट्रिप हव्या होत्या, घरात असू द्याव्यात म्हणून.
मी म्हणाले, संपल्या.
खोटं बोलले.
गल्ल्याखालच्या खणात फ्लॉरिंडा डिसिल्वाच्या
तीन महिन्यांच्या गोळ्या होत्या, ल्युपसच्या.
तिचे गुडघे, तिची मूत्रपिंडं,
शिलाई मशीनवरची तिची दहा बोटं
त्या खणात होती.
तो जाता जाता म्हणाला, मेडिकलवाले लुटतात.
लुटत होतेच काही जण.
म्हणून उत्तर देता आलं नाही.

काशेवाडीत झुलेखाबींकडे फ्रिज नाही.
माठात बुडवायची नाही, आपा,
कोरड्या डब्यात घालून डबा माठात तरंगत ठेवा.
त्यांना वाचता येत नाही, म्हणून पाकिटांवर
मी सूर्य काढायची आणि चंद्र.
"आणि चांद दिसलाच नाही तर? घ्यायची का नाही?"
हसलो दोघी, पत्र्याच्या दोन बाजूंना.

रोजे लागले.
डॉक्टर म्हणाले, यंदा नको. मीही म्हणाले, नको.
त्या म्हणाल्या, बरं. आणि ठेवले.
मग डॉक्टरांना पुन्हा फोन, पुन्हा शिव्या, नवा डोस.
जुनी पाकिटं मागवून मी सूर्य खोडला
आणि दोन चंद्र काढले :
एक इफ्तारचा भरलेला, एक सहरीचा बारीक.
साखर उतरली, हात कापायला लागले
तर रोजा तिथंच सोडायचा, आपा, माझी शपथ.
शपथ कुणाची हेही न बघता त्यांनी मान हलवली असावी.
मला पत्र्यातून फक्त हात दिसत होता.

हातच दिसायचे. तेवढ्यावर ओळखू लागले मी :
टिंबर मार्केटचा भुसा नखात असलेला,
सुईनं बोटांची टोकं काळी पडलेला,
फिटच्या गोळीसाठी येणारा एक लहानसा,
ज्याच्या तळव्यावर आईनं पेनानं
गोळीचं नाव लिहून पाठवलेलं,
घामानं अर्धं पुसलेलं.

बारा कुप्या कमी होत्या, त्या आल्या.
सदाशिव पेठेतल्या होलसेलरकडून,
चार चौकांत पास दाखवत,
स्कूटरच्या डिकीत, माझ्या चहाच्या थर्मासमध्ये.
त्या वर्षी चहा मी स्टीलच्या पेल्यातून गारच प्यायले
आणि माझी स्वतःची थायरॉइडची गोळी
किती दिवस विसरले, ते कुठल्याच वहीत नाही.

एक जूनला तात्यांना तीस दिल्या.
रात्री जेवणानंतर एक.
एकोणीसच्या रात्री ते गेले, झोपेत.
कोरोना नव्हता. तसं मुलगी दोनदा म्हणाली.
आठवड्यानं तिनं पाकीट आणून काउंटरवर ठेवलं :
परत घेता का हो, कुणाला तरी होतील.

दिलेल्या गोळ्या परत घ्यायच्या नसतात.
घेतल्या.
ती समोर उभी होती, म्हणून मोजल्या.
अकरा.
पुन्हा मोजल्या.
सगळ्या अख्ख्या.