बारा ते चार

पावणेबारा वाजले की हे उठतात.
गजर नाही, हाक नाही.
पाय खाली सोडतात, डोळे मिटलेलेच,
आणि चपला शोधतात,
ज्या मी कधीच्याच पिठाच्या डब्यामागे दडवल्यात.

एकतीस वर्षं बोटीवर. इंजिनखोलीत
बारा ते चारची पाळी.
आता बोट भंगारात गेली,
नखांतलं तेलही गेलं,
पाळी तेवढी अंगात राहिली.

बांबोळीचे डॉक्टर म्हणाले,
झोपेत चालणाऱ्याला दचकवू नका.
गोळ्या लिहून दिल्या. त्या घेऊन हे
दुपारी घोरतात, रात्री पुन्हा कामावर हजर.
मग मी कडीला घुंगरू बांधलं,
आमच्या मेलेल्या मांजराच्या गळ्यातलं.
ते वाजलं की बॅटरी घेते
आणि चालते मागून, दहा पावलांवर.

शेवटची फेरीबोट सुटली की
चोडणातलं एक गाव निजतं
आणि दुसरं कामाला लागतं.
कायतानच्या माडावर उदमांजर
सुरेच्या मडक्यात तोंड घालून बसलेलं
(सकाळी तो शेजाऱ्याला शिव्या देणार).
चिकूवर वटवाघळांची भांडणं,
बांधावर कुर्ल्या, आडव्या, घाईत,
विजेच्या खांबावर पिंगळा,
मान फिरवून आमची वरात बघणारा.

निजलेल्यांचंही सगळं खरं नसतं.
शिरोडकर मास्तर पोटरीतला गोळा चोळत
खिडकीचा गज धरून उभे.
एस्मेराल्दाच्या घरात दिवा:
मुलगा कुवेतला, फोन कधीही येतो,
बहुतेक येत नाही.
देसायांची सून झोपेत दात खाते,
दिवसा तिच्याइतकी गोड बोलणारी दुसरी नाही.
एवढं सगळं मला माहीत व्हायला नको होतं.

मानशीपाशी हे थांबतात.
फळीवर तळवा ठेवतात.
ओहोटीचं पाणी खालून धडधडत जातं,
हे कान लावतात, आकडे पुटपुटतात,
दाब किती, ताप किती.
खाजनाच्या पाण्यात तीन डोकी वर येतात.
पाणमांजरं. इनासने यंदा मानस
साठ हजारांना पावणीत घेतली,
आणि पहिला हिस्सा यांचा.
मोठी मादी शेवटा दातांत धरून
पायरीवर येते, कचाकचा खाते,
पाणी तिच्या मिशांवरून ठिबकतं.
तिला हे सांगतात,
"सगळं ठीक. डाव्या पंपावर लक्ष ठेव."
आणि वळतात. अंथरुणावर पडतात
ते थेट सातच्या पावापर्यंत.

परवा अवसेला घुंगरू वाजलं नाही.
मी जागीच होते. नाकापाशी बोटं नेली,
श्वास होता, गरम, एकसारखा.
कूस बदलून हे झोपले,
लहान मुलासारखे, तोंड उघडं.
मी पडून राहिले. मोजलं. उलटं मोजलं.
मग माझेच पाय खाली आले,
चपला शोधू लागले,
पिठाच्या डब्यामागेही सापडेनात.

तशीच गेले, अनवाणी, बॅटरी विसरून.
पाणी त्याच लयीत चाललेलं.
मादी पायरीवर होती.
तिने माझ्याकडे पाहिलं,
मग माझ्या मागे,
मग पुन्हा माझ्याकडे.

मी म्हटलं, आज मी आलेय.
पंपाचं मला काही कळत नाही.