साठच्या पुढे शीळ

चोपन्नची ओपेल, रंग दुधाळ हिरवा,
उजव्या, म्हणजे शेजारी बसणाऱ्याच्या दारावरची
क्रोमची पट्टी अंगापासून बोटभर सुटलेली.
"साठच्या पुढे गेलं की शीळ घालते," दार्दो एचेवेरी म्हणाला,
"गावातल्या बायका वळून बघतात.
या वयात बरं दिसतं का?"

नेलिदाने उत्तर दिलं नाही.
दाराला कान लावून ती टिचक्या मारत गेली
पुढून मागे, मडकं पारखावं तशी.
टण, टण, टण, मग एकदम भद्द.
"इथून पुढे सगळं हवेवर चाललंय."

मी तेव्हा पंधरा वर्षांचा, कार्मेलोच्या त्या शेडमध्ये
टेप धरणारा, येर्बा मातेचा थर्मास भरणारा, शिव्या खाणारा.
म्हटलं, गोंद लावू, दोन मिनिटांचं काम.
तिने असं बघितलं की मी थर्मास उचलून बाहेर गेलो.
गोंद म्हणजे जानेवारीपर्यंतचं आश्वासन, हे पुढे कळलं.
जानेवारीत पत्रा तापतो,
आणि तापल्यावर कोण शब्द पाळतं?

रंगावर टेप. टेपवर चिंधी. चिंधीवर लाकडी पाचर.
स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातातून काढून घेतला
पोराच्या हातातली सुरी काढावी तसा.
पट्टी खेचायची नसते, तिची समजूत काढायची असते.
जरा इथे, जरा तिकडे, पुन्हा इथे.
निघाली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही,
फक्त नदीकाठची बारीक माती सांडली
तिच्या चपलेवर.

आत बारा भोकं.
तीन रिकामी.
पाचांतल्या क्लिपा गंजलेल्या, पण कामावर हजर.
तीन कुणीतरी कॉर्न्ड बीफच्या डब्यातून कापलेल्या,
एकीवर छापील गाईचं अर्धं तोंड.
आणि बाराव्या भोकात
केसांची पिन.

काळी, नागमोडी, दोनदा दुमडून नेमकी बसवलेली.
नेलिदाने ती तळहातावर घेऊन उजेडात धरली.
"सेन्योरा ओफेलियाची?"
"ओफेलियाचे केस मुलासारखे कापलेले," दार्दो म्हणाला,
"लग्नातसुद्धा. पिन तिने कधी..."
आणि तिथेच थांबला.
गाडी एकाहत्तरमध्ये घेतली, मर्सेदेसच्या एका दंतवैद्याकडून,
हे त्याने सांगितलं.
मग पुन्हा सांगितलं.
तिसऱ्यांदा सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

नेलिदा कुणाच्या दाराआड डोकावणारी बाई नव्हती,
पत्र्याची दारं सोडून.
भोकांच्या कडा घासल्या, रंगाचं बोट फिरवलं,
प्रत्येकात लांबीची गोळी दाबली, पाणी आत शिरू नये म्हणून.
मग माझ्या हातावर क्लिपा मोजून ठेवल्या.
अकरा.
"बारा लागतील," मी म्हटलं.
तिने तारेच्या ब्रशने पिन घासली,
पुसली,
आणि जिथली तिथे ठेवली.

तळहाताच्या टाचेने दाबत गेली. टक. टक.
अकरा वेळा टक.
बाराव्याला आवाज वेगळा, हलका,
सांगता सांगता कुणी ओठ मिटावेत तसा.

"टिकेल?" दार्दोने गाडीकडे न बघता विचारलं.
"इतकी वर्षं टिकलीच की," ती म्हणाली,
आणि पैसे अकराचेच घेतले.

तो फाटकातून वळला, विसाचासुद्धा वेग नव्हता,
तोच शीळ ऐकू आली.
मी धावलो. सुटली बहुतेक!
"थांब," नेलिदा म्हणाली. "ती पट्टीची नाही."
आणि पाचर पुसायला घेतली.