डोळ्यांत तेल

डंडीत, कौन्सिलच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर
बुधवारी दुपारी दीडला
माझ्यासमोर चौदाजण बसतात.
शाळेतल्या मदतनीस, दोन बसचालक, एक दंतवैद्य,
पोहण्याच्या तलावावरची एक मुलगी, केस अजून ओले.
माझ्या गळ्यातल्या पट्टीवर
हसबनीसमधला ब गळालाय.
तेवीस वर्षं झाली.
मी आता तो शोधत नाही.

आधी मी त्यांना एक खेळ द्यायचे:
जाड हातमोजे घालून सुईत दोरा ओवा,
कानाशी तीन रेडिओ, डोक्यावर फडफडती ट्यूब.
पाच मिनिटांत सगळे वैतागायचे, हसायचे,
मोजे काढून बिस्किटांकडे वळायचे.
मोजे काढता येतात,
एवढंच त्यांच्या लक्षात राहायचं.
तो खेळ मी बंद केला.

आता सांगते, प्रश्न विचारा आणि गप्प बसा.
मनात दहापर्यंत मोजा.
(मी मराठीत मोजते, ते सांगत नाही.)
चारला कुणीतरी खोकतं.
सहाला खुर्ची करकरते.
सातला एखादी बाई न राहवून
तोच प्रश्न नव्या शब्दांत विचारते
आणि आत कुठेतरी
अर्ध्या वाटेवर आलेलं उत्तर
माघारी फिरतं.

स्ट्रूअन नऊ वर्षांचा.
त्याच्या फायलीत जुनं उद्दिष्ट होतं:
'नजरेला नजर देईल, पाचपैकी चार वेळा.'
मी त्यावर रेघ मारली.
आमच्याकडे नजर काढतात, मीठमोहऱ्या ओवाळून.
इथे नजर शिकवतात, तक्ता करून, चांदण्या चिकटवून.
शाळेच्या धुलाईखोलीत मशीनच्या गोल दाराआड
निळा टॉवेल फिरत असतो,
स्ट्रूअन त्याच्याकडे बघतो,
मीही त्याच्याकडेच बघते.
आमचं बरं चाललंय.

सात महिन्यांनी त्याने माझा हात
टेबलावरून बाजूला सारला, हळूच,
बशीच्या काठावरची माशी उडवावी तसा.
अहवालात मी लिहिलं:
आज त्याने मला 'नाही' म्हटलं.
त्याच्या आईने ते वाक्य दोनदा वाचलं,
मग घाबरत विचारलं,
हे चांगलं आहे ना?

आज मिस्टर गेडीज, चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस,
टोपी मांडीवर ठेवून विचारतो,
तुम्ही ह्यात कशा आलात?

उत्तर मला पाठ आहे. तिसऱ्या स्लाइडवर आहे.
मानसशास्त्र, शिष्यवृत्ती, एडिनबराची पदविका,
मग ही नदी, हा पूल, हे गाव.

श्रीकर स्लाइडवर नाही.
माझा मामेभाऊ, मिरजेचा.
सहामाहीत नापास झाला तेव्हा मामा गरजले,
डोळ्यांत तेल घालून अभ्यास कर!
त्या रात्री न्हाणीघरात सापडला,
हातात खोबरेलाची निळी बाटली,
दोन बोटांनी पापणी ताणून धरलेली,
गालांवरून ओघळ बनियनपर्यंत.
सगळे पोट धरधरून हसले.
मी आठ वर्षांची. मीही.
पुढे कित्येक वर्षं पाहुणे आले की
चहाबरोबर तो किस्सा निघायचा,
आणि श्रीकर तिथेच बसलेला असायचा.

त्याने फक्त सांगितलं ते केलं होतं.
घरात मामांचं इतकं ऐकणारं
दुसरं कुणी नव्हतं.

त्याच्यासाठी तेव्हा शब्द नव्हता.
जे होते ते मी इथे लिहिणार नाही.

आता तो एकावन्न वर्षांचा, बहिणीकडे असतो.
रविवारी फोन करतो,
कॅमेरा छताकडे.
पंखा फिरतो. मी पंखा बघते.
कधी वीस मिनिटं. मग तो म्हणतो, ठेव,
आणि मी ठेवते.

यातलं काय सांगू, कुठल्या भाषेत,
बिस्किटांच्या डब्याशेजारी उभी राहून?

सात.
कुणी खोकलं नाही.
आठ.
ओल्या केसांची मुलगी पेन खाली ठेवते.
नऊ, दहा.
प्रोजेक्टर गरम होऊन घुमतोय.

अकरा.
गेडीज टोपीकडे बघत
अजून थांबलाय.