दहा किलोखालचं

नंदुरबारच्या बाजार समितीबाहेर
साठ टनी वजनकाट्यावर मी बसतो,
रात्रपाळीला, काचेच्या खोलीत.
आधी भरली गाडी, मग रिकामी गाडी,
वजा केलं की माल.
अकरा वर्षं हेच गणित.

गिरासे सर आले होते सुनेच्या शेतातली मिरची घेऊन.
निवृत्त, चित्रकलेचे.
टेबलावर विसरून गेले
झेरॉक्सचं एक चोपडं, टाचणी गंजलेली :
जपानी कविता, मराठीत, तीन-तीन ओळींच्या.
मी उलटसुलट करून पाहिलं.
वाटलं, पानं गहाळ असतील.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले,
काही गहाळ नाही. एवढीच असते.
बाकीची तू आणायची.

मग मी बोटांवर अक्षरं मोजू लागलो.
पाच, सात, पाच.
जोडाक्षर एक धरायचं की दोन
यावर तीन चहा गेले.
रायमल ड्रायव्हर खिडकीत वाकून म्हणे,
"काय भाऊ, पैसा मोजी ऱ्हायना का?"

पहिली जमली ती अशी :

लाल मिरची
जणू भूमीचं दुःख
वाळत पडे

हिशेब चोख. पाच, सात, पाच.
सरांनी चष्मा पुसला.
"'जणू' काढ."
काढलं.
"दुःख काढ."
"सर, मग उरलं काय?"
"मिरची. ती पुरेशी तिखट आहे."

त्या चोपड्यात जिथे तिथे बर्फ.
सर म्हणाले, प्रत्येक कवितेत ऋतूचा एक शब्द लागतो.
म्हणून मीही लिहिलं बर्फावर,
जो मी पाहिलाय फक्त मच्छी बाजारात,
भुशाखाली, पेटीत.
सर वाचून एवढंच म्हणाले,
"थंडी कुठे वाजली रे तुला?"

आमचा ऋतू नाकातून येतो.
पथारींवर मिरची पसरली
की शाळेत प्रार्थनेच्या मधोमध
एक पोरगा शिंकतो, मग अख्खी रांग,
मग गुरुजी.
ठसका : ऋतुशब्द.
लिहून ठेवलं पावतीच्या पाठीवर.

पथारीवर जामनीबाई वळवी देठ खुडते.
चिमटीत धरून, अर्धं गिरकं देऊन.
जोरात ओढलं तर बी सांडतं,
आणि मुकादम बोलतो.
तिच्याकडे बघत मी तासभर उभा होतो,
पाळी संपून गेली होती, झोप आली नाही.
संध्याकाळी तिच्या झोपडीशी
पातेलं, पातेल्यात ताक, ताकात तिचे हात
मनगटापर्यंत.
पोर बाजेवर.

हात ताकात
रडतंय लेकरू
जरा थांब रे

तिसरी ओळ माझी नाही, तिचीच आहे.
सरांना दाखवली. ते काही बोलले नाहीत.
चोपडं मला देऊन टाकलं.
जामनीबाईला वाचून दाखवली तर म्हणाली,
"यात काय? हे तर कालचंच."
अजून कुणी माझ्याविषयी
इतकं चांगलं बोललेलं नाही.

काट्याबद्दल एक सांगायचं राहिलं.
दहा किलोखालचं त्याला कळत नाही.
माणूस चढला तर आकडा हलतो,
तान्हं मूल ठेवलं तर नाही.
कंपनीचा माणूस आला होता दुरुस्तीला,
म्हणाला, दोष नाही, बनावटच तशी आहे,
एवढ्याशासाठी कुणी काटा बसवत नाही.

आज पहाटे लोखंडी फळीवर साळुंकी उतरली.
चालली या टोकापासून त्या टोकापर्यंत,
तालेवार शेतकऱ्यासारखी,
मध्येच थांबून एक बी टिपलं.
मी बटण दाबलं. यंत्राने पावती छापली :
भरली शून्य. रिकामी शून्य. माल शून्य.
वेळ सहा बारा.

पाठीवर लिहिलं,

साळुंकी आली
काटा शून्यावरच

आणि बोटं मोजत होतो पुढच्या पाचांसाठी
तेवढ्यात रायमलने हॉर्न दिला.
ती उडाली.
गाडी चढली :
चौदा हजार दोनशे वीस.