चाळण

गोरोंगोझाच्या जंगलात झेफेरिनो जीप थांबवतो
आणि रोजचंच सांगतो:
"आमच्याकडे हत्तिणींनाही सुळे असतात. असायचे.
लढाईत सैनिकांनी सुळ्यांसाठी कळपच्या कळप मारले,
तेव्हा हत्तिणी शहाण्या झाल्या,
त्यांनी सुळे उगवणंच सोडलं."
पर्यटक हळहळतात. टिप बरी मिळते.

त्याची आई एर्मेलिंदा
अंगणात मक्याचं पीठ चाळताना हे ऐकते
आणि चाळण थांबवत नाही.
"हत्तीण काय ठरवणार रे?
तू ठरवून उंच झालास?
बिनसुळ्याच्या आधीही होत्या.
मी पोर होते तेव्हा पुंग्वे नदीवर यायच्या,
चार-पाचांत एखादी.
झाडाची साल सोलायला दुसरीच्या मागे उभ्या राहायच्या,
कुणी त्यांना विचारत नव्हतं.
मग बंदुका आल्या.
सुळेवाल्या गेल्या.
उरल्या त्यांना लेकी झाल्या, लेकी आईवर गेल्या.
एवढंच झालं.
चाळणीला भोकं असतात, पोरा, मत नसतं."

"पण आई, शाळेत तर शिकवलं,
जो बलवान तो तगतो."

इथे मात्र तिचा हात थांबतो.
"बलवान तुझा मामा होता, बार्नाबे.
दोन पोती एका खांद्यावर.
म्हणून त्यालाच आधी नेलं सैन्यात.
मी आंब्यावरून पडलेली, पाय वाकडा,
मला ट्रकवर चढताच येईना,
ठेवून गेले.
आणि बघ, तुझे पाय सरळ आहेत.
पडण्यातून आलेलं
पोटातून पुढे जात नाही."

पीठ पांढरं, कोंडा पिवळा.
कोंडाही फेकायचा नसतो, कोंबड्या आहेत.

"त्या संशोधन केंद्रातल्या बाई सांगत होत्या,
बिनसुळ्याचा हा जो गुण आहे ना,
तो आईकडून मुलग्यात उतरला
तर मुलगा जन्माला येतच नाही.
पोटातच जिरतो.
ज्यानं आईला वाचवलं, त्यानंच.
याला तुझे पर्यटक काय म्हणतात?
प्रगती?"

झेफेरिनो गप्प.
चुलीवर शिमा रटरटतो, एक बुडबुडा त्याच्या मनगटावर उडतो.

दुसऱ्या दिवशी जीप त्याच वळणावर.
पिवळ्या सालीच्या झाडापाशी एक हत्तीण,
तोंडापुढे काही नाही, नुसती सोंड.
पायानं फांदी दाबून ती
सोंडेनं साल ओढून काढते,
निम्मी निघते, निम्मी झाडालाच राहते.

"हत्तिणींनी..." झेफेरिनो म्हणतो,
आणि अडतो.

मागून एक मुलगी विचारते,
"आता लढाई संपली, मग सुळे परत येतील?"

"येतील बहुधा," तो म्हणतो.
"कुणाला हवेत म्हणून नाही."

आज टिप कमी मिळते.
हत्तीण त्याच्याकडे बघतसुद्धा नाही,
तिला अजून बरीच साल काढायची आहे.